कचऱ्याच्या वाफेवर एसी चालतो का?

हो, चालतो. पण माथेरानमध्ये नाही. का ते बघूया.

वेस्ट-टू-एनर्जी प्रकल्पात कचरा जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज बनवतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मोशीचा प्रकल्प असाच आहे (२०२३, क्षमता १४ मेगावॅट). पण नुसती वीज बनवली तर बरीचशी उष्णता वाया जाते. कोपनहेगनचा अमागेर बक्के प्रकल्प ती उष्णता गरम पाण्याच्या पाइपांतून घरोघरी पोचवतो.

आपल्याकडे हीटर कोणाला हवाय? इथे कामाला येतो ॲब्सॉर्प्शन चिलर. त्यात अगदी कमी दाबाखाली पाणी ५ अंशांच्या आसपास उकळतं आणि गारवा तयार होतो. त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण शोषून घेतं, आणि प्रकल्पाची उष्णता देऊन ते पाणी पुन्हा वेगळं काढतात. गार झालेलं पाणी पाइपांतून इमारतींमध्ये फिरवायचं. पुण्याची थरमॅक्स कंपनी असे चिलर बनवते.

मग माथेरानला का नको? हॉटेलांतला कचरा बहुतेक ओला. जाळला तर निम्मी मेहनत पाणी सुकवण्यातच जाणार. त्याचा बायोगॅस करणंच बरं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्राचा प्रकल्प तिथे त्यासाठीच उभारला गेला.

म्हणून तुमच्या शहरात असा प्रकल्प येत असेल, तर मी दोन प्रश्न विचारेन: कचरा किती सुका आहे? आणि उरलेली उष्णता वापरणारं जवळ कोण आहे?