भूमिती–जाळी संलग्नता

भूमिती–जाळी संलग्नता म्हणजे संगणकावर रेखाटलेल्या घन वस्तूची भूमिती आणि त्याच वस्तूच्या विश्लेषणासाठी तयार केलेली घटकांची जाळी यांच्यामध्ये सॉफ्टवेअरने राखलेला दुवा होय. परिमित घटक पद्धत, अर्थात फायनाइट एलिमेंट पद्धत, वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या दुव्यामुळे भार व आधार थेट भूमितीवर नेमता येतात आणि जाळी बदलली तरी ते टिकतात. दुवा तुटल्यास जाळी कितीही बारीक केली, तरी वस्तूचा मूळ आकार परत मिळत नाही.

पार्श्वभूमी

परिमित घटक पद्धतीची बीजे रिचर्ड कूरँट यांच्या १९४३ मधील शोधनिबंधात आढळतात. तिचे प्रचलित नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये वापरले. नासासाठी १९६० च्या दशकात विकसित झालेल्या नॅस्ट्रान या प्रणालीत नोडांचे सहनिर्देशक आणि घटकांची यादी हेच वस्तूचे वर्णन असे. संगणकीय आरेखन रूढ झाल्यावर एकाच वस्तूची दोन वर्णने निर्माण झाली आणि त्यांची सांगड घालण्याची गरज भासू लागली.

दोन वर्णने

आरेखन सॉफ्टवेअरमध्ये घन वस्तू तिच्या सीमांनी दर्शवली जाते. घनाला पृष्ठे, पृष्ठांना कडा आणि कडांना शिरोबिंदू असतात. दंडगोल किंवा गोलाकार पृष्ठ येथे गणिती सूत्राने अचूक मांडलेले असते. जाळीत मात्र तीच वस्तू चतुष्फलक किंवा षट्फलक घटकांत विभागली जाते. साध्या घटकांच्या कडा सरळ असल्याने वक्र पृष्ठाच्या जागी अनेक सपाट तुकडे येतात.

वर्गीकरण

संलग्नता राखण्यासाठी प्रत्येक नोड, ज्या सर्वांत कमी मितीच्या भौमितिक घटकावर असेल, त्याच्या नावे नोंदवला जातो. कोपऱ्यावरील नोड शिरोबिंदूचा, कडेवरील नोड कडेचा, पृष्ठावरील नोड पृष्ठाचा आणि आतील नोड घनाचा मानला जातो. मार्क बील आणि मार्क शेफर्ड यांनी १९९७ मध्ये या तत्त्वावर आधारित जाळीची विदासंरचना मांडली. जीमेश या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही जाळीतील घटक भौमितिक घटकांशी जोडलेले असतात.

वक्र पृष्ठांवरील परिणाम

१० मिमी त्रिज्येच्या छिद्राचा परीघ १२ सरळ कडांत विभागल्यास प्रत्येक कडेचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे ०.३४ मिमी आत राहतो. जाळी दुप्पट बारीक करताना नवे नोड वर्तुळावर नेले, तर हे अंतर सुमारे ०.०९ मिमी होते. दुवा नसल्यास नवे नोड जुन्या सरळ कडांवरच बसतात आणि त्रुटी ०.३४ मिमीच राहते.

प्रतिबलावर याचा परिणाम अधिक गंभीर असतो. एकाच दिशेने ताणलेल्या विस्तीर्ण पत्र्यातील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे कियर्श यांनी १८९८ मध्ये दाखवले. बहुभुज छिद्राच्या टोकदार कोपऱ्यांवर मात्र सैद्धांतिक प्रतिबल अमर्याद असते. त्यामुळे अशी जाळी बारीक करत गेल्यास उत्तर स्थिरावण्याऐवजी वाढतच जाते.

दुवा तुटण्याची कारणे

* केवळ जाळीची फाइल आयात करणे. अबॅकसमध्ये अशा जाळीला ‘ऑर्फन मेश’, म्हणजे अनाथ जाळी, म्हणतात.
* एसटीएल स्वरूपाचा वापर. यात फक्त त्रिकोण साठवले जातात. मूळ पृष्ठे व कडा नोंदवल्या जात नाहीत.
* आरेखनातील बदल. नवे छिद्र किंवा गोलाई जोडल्यावर पृष्ठांचे क्रमांक बदलतात आणि भार चुकीच्या पृष्ठावर जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणून पृष्ठांचे नामांकित गट केले जातात. प्रत्येक बदलानंतर भारित पृष्ठाचे क्षेत्रफळ आणि आधारांवरील एकूण प्रतिक्रिया बल पडताळले जाते. टॉम ह्यूज व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या आयसोजॉमेट्रिक विश्लेषणात आरेखनाचीच गणिती फलने विश्लेषणासाठी वापरून दोन वर्णनांमधील भेद कमी केला जातो.

उद्योगातील महत्त्व

वाहन उद्योगात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, सस्पेन्शन आणि ब्रेक बनवणाऱ्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही याच परिसरात आहे. ओतीव भागांत बरगड्या आणि त्यांच्या मुळाशी लहान त्रिज्येच्या गोलाया असतात. वारंवार पडणाऱ्या भाराने तडा जाण्याची शक्यता बहुधा अशाच ठिकाणी असते, त्यामुळे तेथील जाळी खऱ्या पृष्ठाला धरून असणे आवश्यक ठरते. वाहन उत्पादक आणि पुरवठादार वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरत असल्यास भूमितीची देवाणघेवाण स्टेप या आंतरराष्ट्रीय मानक स्वरूपात करता येते. या स्वरूपात पृष्ठे व कडा टिकून राहतात. मात्र जाळीशी असलेला दुवा नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जोडावा लागतो.