निळ्या बाळांची गणती

इ. स. २०१३ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस पालघर येथें ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ या योजनेचा आरंभ झाला. पालघर त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतील एक तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी करून तीस प्रकारच्या व्याधी व व्यंगें हुडकून काढावयाचीं, आणि मूल सांपडलें कीं त्यास उपचाराच्या ठिकाणीं पोंचवावयाचें, अशी ही योजना. त्या तीस नांवांत जन्मजात हृदयव्यंग आहे, आणि संधिवातज्वरामुळें होणारा हृदयविकारहि आहे. उद्घाटनाचे समारंभ लोक विसरतात. हाहि फारसा कोणाच्या स्मरणांत नसेल. परंतु लहान मुलांच्या हृदयोपचाराचा इतिहास सांगावयाचा तर या तारखेस त्यांत जागा द्यावी लागेल. ती कां, हें समजण्यासाठीं पाऊणशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

दर हजार जन्मांमागें आठ-नऊ बालकें हृदयांत कांहींना कांहीं व्यंग घेऊन येतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्यास छिद्र, कोणाची झडप अरुंद, तर कोणाच्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदलच झालेली. कित्येक छिद्रें आपोआप बुजतात. पण फॅलो या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं वर्णिलेल्या चार व्यंगांच्या समुच्चयांत मूल ओठांशीं व नखांशीं निळें पडतें, चार पावलें धांवलें कीं उकिडवें बसतें. शस्त्रक्रियेवांचून अशा १०० मुलांपैकीं सुमारें ६६ एक वर्षाचीं होतात आणि दहाव्या वर्षापर्यंत २४ च पोंचतात. धमन्यांची अदलाबदल झालेल्यांची गति याहून बिकट. उपचार न झाल्यास त्यांतील निम्मीं पहिल्या महिन्यांतच जातात, आणि वर्ष संपतांना दहांतलें एक उरतें.

१९३६ सालीं कॅनडांतील डॉ. मॉड ॲबट या विदुषींनीं अशा एक हजार हृदयांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील ज्ञान बहुतांशीं शवच्छेदनाच्या मेजावर मिळालेलें होतें. व्यंगाचें नांव कळे, पण मूल गेल्यावर! दोनच वर्षांनीं, १९३८ च्या ऑगस्टमध्यें, बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस या तरुण शल्यवैद्यानें एका सात वर्षांच्या मुलीच्या हृदयालगतची एक रक्तनलिका बांधून टाकली. ही नलिका गर्भावस्थेंत आवश्यक असते व जन्मानंतर आपोआप मिटते. त्या मुलीची ती उघडीच राहिली होती. ग्रॉसचे वरिष्ठ त्या वेळीं रजेवर गेले होते, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

याच नलिकेनें पुढची दिशा दाखविली. बाल्टिमोर येथील डॉ. हेलन टॉसिग यांना कानांनीं कमी ऐकूं येई. मुलांच्या छातीवर तळहात ठेवून त्या हृदयाची धडधड जाणून घेत. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं निळ्या बाळांची प्रकृति ती नलिका उघडी असेतों बरी राहते आणि ती मिटतांच ढासळते. म्हणजे ग्रॉस जी बंद करीत होता, तीच या मुलांस तारीत होती. मग ती हातानें कां निर्माण करूं नये? टॉसिगबाई प्रथम ग्रॉसकडेच गेल्या. त्यानें मनावर घेतलें नाहीं. आल्फ्रेड ब्लेलॉक यानें घेतलें. ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेंत व्हिव्हियन टॉमस नांवाचा कृष्णवर्णीय सहायक होता. पैशाअभावीं त्याचें वैद्यकाचें शिक्षण राहून गेलेलें. परंतु कुत्र्यांवर प्रयोग करून ती शस्त्रक्रिया बसविली त्यानेंच. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या एका मुलीवर ती झाली, तेव्हां टॉमस ब्लेलॉकच्या पाठीमागें स्टुलावर उभा राहून टांक्यांची दिशा सांगत होता. १९४५ सालीं तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यावर ब्लेलॉक व टॉसिग यांचीं नांवें होतीं; टॉमसचें नव्हतें.

आणि त्या पहिल्या मुलीचें काय झालें? शस्त्रक्रियेंतून ती वांचली. पुढें पुन्हां निळी पडूं लागली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, दोन वर्षांची होण्यापूर्वींच वारली. तिचें नांव कोणत्या रकान्यांत घालावयाचें?

हा प्रश्न तेव्हांपासून या शास्त्राच्या मागें लागला आहे. मिनेसोटांतील वॉल्टन लिलेहाय यानें १९५४-५५ सालीं ४५ रुग्णांचीं हृदयें उघडून दुरुस्त केलीं. त्या वेळांत बहुधा बापाचें किंवा आईचें रक्ताभिसरण नळ्यांनीं मुलाशीं जोडलेलें असे. एका मेजावर मूल, शेजारच्या मेजावर पालक! त्या ४५ पैकीं २८ जण इस्पितळांतून घरीं गेले. तीस वर्षांनंतर त्यांपैकीं २२ हयात होते. इस्पितळाच्या दारांत मोजलें तर यश शेंकडा ६२, तीस वर्षांनीं मोजलें तर ४९. आणि मोजलेंच नसतें तर त्या दोहोंमधील अंतर कोणाला कळलें नसतें.

गणतीची दुसरी अडचण अशी कीं सर्व हृदयें सारखीं अवघड नसतात. २००२ सालीं बोस्टनच्या डॉ. कॅथी जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे काठिण्यानुसार सहा गट पाडले. पहिल्या गटांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.४ आढळलें, दुसऱ्यांत ३.८, तिसऱ्यांत ८.५, चौथ्यांत १९.४, आणि सहाव्यांत ४७.७. म्हणजे केवळ सोपीं छिद्रें बुजविणारें केंद्र कागदावर नेहमींच निपुण दिसणार, आणि जें केंद्र कोणी न घेतलेलें मूल घेतें तें अकुशल ठरणार. शहरांतील सुशिक्षित पालक अलीकडे ‘तुमचें प्रमाण किती?’ असें डॉक्टरांस विचारतात, तें योग्यच आहे, ‘कोणत्या मुलांमध्यें?’ हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

या दोन्ही अडचणी इस्पितळांत पोंचलेल्या मुलांच्या झाल्या. तिसरी अडचण समजण्यासाठीं वसईच्या किनाऱ्यावर यावें लागेल. कळंब आणि अर्नाळा यांच्या दरम्यान राजोडी हें गांव आहे. नालासोपाऱ्यास येऊन गाडी धरली कीं तेथून मुंबई दूर नाहीं. विरारहून मुंबईची पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलांतच सुटली होती. परळांत के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं व बाई जेरबाई वाडिया मुलांचें रुग्णालय १९२९ सालीं उभें राहिलें. मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयांत १९६१ सालीं डॉ. के. एन. दस्तूर यांनीं हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्यानें हृदयांतील छिद्र बंद केलें. १९६८ सालीं के. ई. एम. मध्यें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयरोपणहि केलें. तो रुग्ण थोड्याच तासांत दगावला, पण वर्तमानपत्रांतून नांव सर्वत्र झालें. थोडक्यांत, आगगाडी होती, इस्पितळें होतीं, यंत्र होतें आणि हात होते.

उणें होतें तें मुलाच्या व्यंगाचें निदान. दूध ओढतांना घामानें डबडबणारें, मध्येंच थकून स्तन सोडणारें बाळ घरोघर ‘अशक्त’ म्हणून गणलें जातें. वारंवार छाती भरली तर ती सर्दी मानतात. असें मूल सहाव्या महिन्यांत गेलें तर त्याचा मृत्यु न्युमोनियाच्या खातीं पडतो. कोणत्याहि हृदयकेंद्राच्या आंकड्यांत तें येत नाहीं, कारण तें तेथें कधीं गेलेंच नाहीं. पालघरच्या योजनेचें महत्त्व येथें आहे: शल्यवैद्याच्या मेजाच्या अलीकडची गणती तिनें सरकारी कामांत आणली. फिरतीं पथकें अंगणवाडींतील मुलांस वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांस एकदां तपासतात. नवजात बाळाकडे प्रसूतीच्या ठिकाणीं, आणि घरीं आशा सेविकेनें सहा आठवड्यांपर्यंत, लक्ष द्यावयाचें असतें.

पडद्याच्या छिद्राचें मूल अंगणवाडींत सांपडूं शकतें. अदलाबदल झालेल्या धमन्यांचें बाळ अंगणवाडीपर्यंत येत नाहीं, आणि सांवळ्या कातडीवर त्याची निळी छटा डोळ्यांस चटकन दिसतहि नाहीं. त्यासाठीं प्राणवायु मोजणारा छोटा चिमटा पुरतो. बाळ चोवीस तासांचें झाल्यावर तो उजव्या हातास व एका पायास लावून पाहावयाचा. अमेरिकेंत २०११ पासून या तपासणीची शिफारस झाली. ज्या राज्यांनीं ती सक्तीची केली तेथें गंभीर हृदयव्यंगानें होणारे अर्भकमृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें.

निदान वेळेवर झालें तर टॉसिगबाईंनीं ओळखलेली तीच नलिका आतां औषधानें उघडी ठेवतां येते. हें औषध १९७० नंतरच्या दशकांत हातीं आलें. त्याच्या आधारानें बाळ गाडींतून मोठ्या केंद्रापर्यंत नेतां येतें. धमन्या आपापल्या जागीं बसविण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या ॲदिब जातेने यानें १९७५ सालीं यशस्वी केली. ती साधारणतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करावी लागते. त्यानंतर हृदयाचा डावा कप्पा दुबळा पडूं लागतो आणि साऱ्या शरीराचें रक्त रेटण्याचें काम त्याला झेपत नाहीं.