पळून जाणारा शत्रु

खेळांचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांचीं टिपणें आम्ही इतिहासाचे शिक्षक हौसेनें करतों. परंतु लोक फावल्या वेळीं काय खेळत होते आणि त्या खेळांचे नियम कोणीं, केव्हां व कां बदलले, हा विषय वर्गांत काढला तर विद्यार्थी हंसतात आणि सहकारी त्याहून अधिक हंसतात. तरीहि आज एका खेळाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. निमित्त झालें आमच्या भाच्याचें.

गेल्या पावसाळ्यांत तो व त्याचे चार मित्र दर रविवारीं आमच्या दिवाणखान्यांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ मांडीत असत. ज्या वाचकांस हा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों, कीं यांत जिंकणें-हरणें नाहीं. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार भुयाराचें वर्णन करतो, आपलें पात्र काय करील तें खेळाडू तोंडानें सांगतात, आणि जेथें निकाल अनिश्चित असेल तेथें फांसे टाकतात. त्या दिवशीं या मंडळींनीं एका गुहेंत नऊ गॉब्लिन, म्हणजे पाश्चात्य लोककथांतील ठेंगू व दुष्ट भुतें, गांठलीं आणि एकामागून एक कापून काढलीं. शेवटचें एक उरलें तेव्हां आम्हीं सहज विचारलें, “आठ मेले, तरी हा एकटा लढतो कशासाठीं? पळत कां नाहीं?”

भाचा म्हणाला, “मामा, पळण्यासाठीं आम्ही फांसा टाकतच नाहीं.”

हें उत्तर आमच्या मनांत घोळत राहिलें. कारण या खेळांत पळण्याचा फांसा एके काळीं होता, आणि त्याला मोठा मान होता.

खेळाचें मूळ लष्करी डावांत आहे. १९६९ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत डेव्हिड वेस्ली या तरुणानें ‘ब्राउनस्टाइन’ नांवाच्या एका काल्पनिक जर्मन गांवाभोवतीं नेपोलियनच्या काळांतील एक लढाई मांडली. सैन्यें येण्यापूर्वीं गांवांत काय चाललें असेल तें दाखवावें, म्हणून त्यानें कांहीं खेळाडूंना नगराध्यक्ष, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिका दिल्या. झालें असें कीं, हे लोक कोपऱ्या-कोपऱ्यांत जाऊन कुजबुजूं लागले, कट रचूं लागले, आणि लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीस वाटलें, प्रयोग फसला. खेळणारांनीं मात्र असेंच पुन्हां खेळूं म्हणून हट्ट धरला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्यानें १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नांवाची आपली अद्भुत सृष्टि उभी केली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स यानें तिला नियमांचा सांगाडा दिला. आणि १९७४ सालीं एका पेटींत तीन पुस्तिका अशा रूपानें हा खेळ बाजारांत आला. म्हणजे तरवारीइतकाच तो बोलाचालींतूनहि जन्मला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनीं १९७१ मध्येंच ‘चेनमेल’ नांवाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. ठराविक माणसें पडल्यावर पलटण टिकते कीं मोडते, हें त्यांत फांशांनीं ठरत असे. लष्करी इतिहास वाचणारांस यांत नवल वाटणार नाहीं. शेवटचा माणूस पडेपर्यंत लढलेल्या फौजा इतिहासांत थोड्या. धीर सुटून फुटलेल्या फौजा अगणित. विश्वासराव पडल्यावर पानिपतावर काय झालें तें मराठी वाचकास सांगावयास नको.

या कल्पनेला सर्वांत सुबक रूप मिळालें तें टॉम मोल्डवे यानें संपादिलेल्या १९८१ च्या प्राथमिक पुस्तकांत. तेथें प्रत्येक प्राण्याच्या वर्णनांत दोनपासून बारापर्यंत एक धैर्यांक दिलेला आहे. पक्षांतील पहिला गडी पडला, किंवा अर्धे निकामी झाले, म्हणजे सूत्रधारानें दोन फांसे टाकावयाचे. बेरीज अंकाहून अधिक आली तर त्या प्राण्यांनीं पळावें किंवा शरण यावें. गॉब्लिनांचा अंक सात. छत्तिसांपैकीं पंधरा वेळां ते पहिल्याच परीक्षेंत माघार घेतात. ऑर्क नांवाच्या राक्षसांचा अंक आठ. पण त्यांचा नायक मेला कीं तोच सहावर उतरतो. हाडांच्या सांपळ्यांचा मात्र बारा. त्यांस भीति ठाऊक नाहीं, कारण त्यांस गमावण्यासारखें कांहींच उरलेलें नाहीं. एका आंकड्यांत केवढें स्वभावचित्र सामावलें आहे पाहा!

लढाई जुंपण्यापूर्वींहि एक फांसा असे. समोर आलेल्या प्राण्याचा हेतु ठरलेला नसेल, तर दोन फांशांची बेरीज पाहावयाची. दोन आले तर तो लगेच तुटून पडे. बारा आले तर चक्क मैत्री करी. मध्यें वैर, संभ्रम, सौदा अशा पायऱ्या. गणित केलें तर तात्काळ हल्ल्याचा संभव छत्तिसांत एक, आणि संभ्रमाचा छत्तिसांत सोळा! भुयारांतला राक्षसहि बहुधा आपल्यासारखाच, काय करावें या विचारांत पडलेला असे. अशा वेळीं गोड बोलणें, लांच देणें, वाट सोडणें यांना अर्थ येई.

यालाच जोडून तिसरा नियम होता. पात्राची बढती अनुभवगुणांवर होई, आणि भुयारांतून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेस एक गुण मिळे. एक साधा ऑर्क मारल्यास गुण अवघे दहा. योद्ध्यास दुसऱ्या पायरीसाठीं दोन हजार गुण लागत; केवळ खड्गाच्या जोरावर चढावयाचें तर दोनशें ऑर्क हवेत. तेव्हां शहाणा खेळाडू लढाई टाळी. या नियमाला लोभाची शाळा म्हणून नांवें ठेवणारे आहेत. आमच्या मतें लोभ वाईट खरा, पण ज्या शाळेंत केवळ मारण्याबद्दलच गुण मिळतात ती त्याहून वाईट.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. धीराची परीक्षा टिकली. मूळ प्रकाशनसंस्था १९९७ मध्यें दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत धैर्यांक नाहींसे झाले, भेटीच्या फांशाची जागा वक्त्याच्या कौशल्यानें घेतली, आणि अनुभव मिळूं लागला तो संकटावर मात केल्याबद्दल, व्यवहारांत, मारल्याबद्दल. २०१४ मध्यें धीर परत आला, पण मार्गदर्शिकेच्या एका कोपऱ्यांत, ऐच्छिक नियम म्हणून. मोल्डवेनेंहि तो ऐच्छिकच ठेवला होता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच्या पुस्तकांत प्रत्येक प्राण्याच्या वर्णनांत तो आंकडा डोळ्यांसमोर येई, म्हणून विसरला जात नसे. जुन्या पद्धतीचे उपासक २००६ पासून जुने नियम नव्यानें छापूं लागले आहेत, आणि त्यांचा पंथ वाढता आहे. मूळ खेळाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनेंहि पात्रांना स्वतःचे गड-वाडे पुन्हां दिले. गड आले, ठीक झालें. आम्हांस धीर हवा आहे.

जुनें तें सगळें सोनें असें आमचें म्हणणें नाहीं. १९७८ च्या पुस्तकांत स्त्री-पात्रांच्या बळावर घातलेली मर्यादा गेली तें उत्तमच झालें. पण धीराविषयीं नव्या मताचे लोक म्हणतात, कीं फांसा कशाला? सूत्रधारास वाटलें तर त्यानें शत्रूस पळवावें. आम्हीं वर्षानुवर्षें परीक्षक म्हणून काम केलें आहे. ‘वाटलें तर’ या दोन शब्दांची किंमत आम्हांस ठाऊक आहे. सूत्रधारानें दया दाखविली तर खेळाडूंस तो पक्षपात वाटतो, आणि पुष्कळदां त्याला स्वतःला आपण बेतलेली लढाई अर्ध्यावर मोडवत नाहीं. फांसा दोघांच्याहि वर असतो. शत्रूलाहि जीव प्यारा आहे, ही गोष्ट तो सूत्रधाराच्या लहरीवर सोडीत नाहीं.

भाच्याला आम्हीं जुना नियम सांगितला. पुढच्या रविवारीं त्यांनीं तो लावून पाहिला. सहा गॉब्लिनांतला पहिला पडतांच चार अंधारांत पळाले, आणि एकानें भाला टाकून हात जोडले. मग जो वाद माजला तो अर्धा तास चालला. मारावा, बांधून ठेवावा, सोडावा, कीं वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा? सोडला तर चौघांना घेऊन परत येणार नाहीं कशावरून? आंतून पोहे आले ते निवून गेले. शेवटीं त्याला मशालजी म्हणून ठेवावयाचें ठरलें.

जुन्या नियमाप्रमाणें पदरच्या माणसाचा धीर धन्याच्या छापेवर ठरतो आणि प्रत्येक मोहिमेच्या शेवटीं त्याच्यासाठीं फांसे टाकावे लागतात. भाच्याचा योद्धा बोलण्यांत बेताचा. म्हणून मशालजीचा अंक सात. गेल्या रविवारीं सर्वांनीं श्वास रोखून फांशांकडे पाहिलें. सातच पडले.