तुरीची मर आणि मातीतले राखणदार



तुरीचे पीक फुलावर येते, शेंगा धरू लागतात, आणि नेमक्या अशा वेळी चार-दोन झाडे माना टाकतात. जमिनीत ओल असते, तरी पाने पिवळी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. पुढल्या साली त्याच जागी पुन्हा तूर पेरली, तर चाराची चाळीस होतात. घरच्या वरणाची डाळ ज्या वावरात पिकायची, ते वावर मग तुरीपुरते बाद होते. यालाच आपण मर लागली म्हणतो.

या मरीचा पहिला शास्त्रशुद्ध तपास एडविन जॉन बटलर यांनी केला. ते मूळचे आयर्लंडचे, शिकले होते वैद्यक. पण माणसांची नाडी सोडून झाडांची पाहू लागले. १९०१ साली ते हिंदुस्थानात सरकारी नोकरीवर आले आणि १९०५ पासून बिहारातील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत काम करू लागले. तूर आणि मिरी यांच्या मरीवर त्यांनी १९०६ साली लिहिले. १९१० साली तुरीच्या रोगाची बुरशी त्यांनी पक्की ओळखून तिला ‘फ्युजेरियम उडम’ हे नाव दिले.

ही बुरशी मातीत राहते आणि बारीक मुळांतून आत शिरते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या कोंडतात, म्हणून ओल असूनही झाड तहानेने मरते. गुरुजी, मुलांना शेतावर नेऊन वाळत्या तुरीचे खोड उभे चिरून दाखवा. आत काळपट रेघा दिसतील. पुष्कळदा बाहेरून सालीवरही बुंध्यापासून वर चढलेला जांभळट पट्टा दिसतो. पीक कापले तरी बुरशी धसकटांत दोन-तीन वर्षे तग धरून राहते. मग पानांवर औषध मारून काय उपयोग? चोर घरात आणि पहारा रस्त्यावर, अशी ती गत!

आपल्याकडे ज्वारीत तुरीचे तास टाकण्याची जुनी चाल आहे. वाडवडिलांनी ती मरीसाठीच घातली असे मी म्हणणार नाही. एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागावे, हा हिशेब तिच्यात होताच. परंतु ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर कमी होते, हे पुढे प्रयोगांनी दाखवले. म्हणजे मातीत मुळांच्या भोवती काही तरी घडत असते, आणि ते रोगाला जाचते.

हे ‘काही तरी’ काय असू शकते, याचा एक मोठा धागा अमेरिकेत सापडला. तुरीवर नव्हे, तर संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकेत. कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग हे संशोधक रोपे कोलमडून टाकणाऱ्या ‘रायझोक्टोनिया’ बुरशीचा अभ्यास करीत होते. सूक्ष्मदर्शकातून पाहता पाहता त्यांना एक नवल दिसले. मातीतलीच दुसरी एक बुरशी, ‘ट्रायकोडर्मा’, या रोगट बुरशीच्या तंतूंना वेलीसारखे वेढे घालीत होती आणि त्यांना खाऊन टाकीत होती! ट्रायकोडर्मा हे नाव १७९४ सालापासून पुस्तकांत होते. तिचा हा पराक्रम वाइंडलिंग यांनी १९३२ साली जगापुढे मांडला. ती एक विषारी द्रव्यही सोडते, हे त्यांनी पुढे दाखवले. गंमत अशी, की त्यांच्या हाती होती ती बुरशी त्यांनी लिहिली त्या जातीची नव्हतीच, तिची भावकीतली दुसरी जात होती, असा खुलासा १९६४ साली झाला. नाव चुकले, काम खरेच होते.

तुम्ही म्हणाल, मग हे शेतकऱ्यापर्यंत यायला एवढा काळ का लागला? एक कारण असे, की प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीत जिंकणारी बुरशी वावरात जिंकेलच असे नसते. वाइंडलिंग यांना स्वतःलाच रोपांची माती आंबट करून घ्यावी लागली, तेव्हा गुण आला. दुसरे असे, की दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक औषधांची चलती झाली आणि हे काम मागे पडले. तरी ते थांबले नाही. मद्रास विद्यापीठात टी. एस. सदाशिवन आणि त्यांच्या शिष्यांनी कपाशीच्या मरीचा अभ्यास करताना मातीतल्या या जीवसृष्टीकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले. ट्रायकोडर्माची पाकिटे आपल्या बाजारात दिसू लागली, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस.

पाकीट घ्याल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की आत भुकटी दिसली तरी ती जिवंत वस्तू आहे. मुदत पाहून घ्या, उन्हात ठेवू नका. बियाण्याला चोळावी किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी जमिनीत द्यावी. मान टाकलेले झाड तिने उठत नाही. तिचे काम आधीच मुळाशी जाऊन बसण्याचे. आणि वावर फारच मरीचे असेल तर नुसत्या पाकिटावर भिस्त ठेवू नका. बदनापूरच्या ‘बीएसएमआर-७३६’सारखे मरीला दाद न देणारे वाण घ्या, रोगट धसकटे वेचून जाळा, आणि दोन-तीन साल त्या तुकड्यात तूर न घेता ज्वारी घ्या.