पॉझिट्रॉन साठवता येतात का? काकूचा प्रश्न आणि शंभर वर्षांची गोष्ट

आजचा एपिसोड माझ्या काकूच्या एका प्रश्नावर आहे.

काकूच्या पेट स्कॅनसाठी आम्ही पहाटेच यवतमाळहून नागपूरला निघालो होतो. वाटेत टायर पंक्चर. तेवढ्यात सेंटरवरून फोन, "लवकर या, औषध उतरत चाललंय." काकू मला म्हणाली, "काऊन रे, साठवून नाही ठेवता येत का ते?"

त्या औषधात फ्लोरिन-18 असतं. दर 110 मिनिटांनी ते निम्मं होतं. म्हणजे 40 मिनिटं उशीर झाला की जवळपास 22 टक्के गेलं! त्यातून निघतो पॉझिट्रॉन. वजन इलेक्ट्रॉनएवढंच, चार्ज उलटा. शरीरातला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही संपतात आणि गॅमा किरण निघतात. मशीन तेच टिपतं.

आता जरा मागे जाऊ. 1931 मध्ये डिरॅकने असा कण असायला हवा असं कागदावर मांडलं. 1932 मध्ये कार्ल अँडरसनला कॉस्मिक किरणांच्या फोटोत तो सापडला. आणि लगेच या गोष्टीत आपला मुंबईचा माणूस येतो. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या होमी भाभांनी पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला तर कुठे, किती उडेल याचं गणित मांडलं. पेपर 1936 मध्ये छापून आला, तेव्हा त्यांचं वय 26. त्या धडकेला आज जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात.

पण धडकेचं गणित वेगळं आणि साठवणूक वेगळी. पॉझिट्रॉन ठेवणार कशात? स्टील असो की काच, भांड्याच्या भिंतीत इलेक्ट्रॉन असणारच. टेकला की संपला.

मग भिंत नसलेलं भांडं करायचं. एका नळीतली सगळी हवा काढून टाका. नळीच्या लांबीला धरून चुंबकीय क्षेत्र लावा, म्हणजे कण बाजूला जात नाही, जागीच गोल फिरतो. दोन्ही टोकांना व्होल्टेज द्या, की तिथून तो मागे वळतो. याला म्हणतात पेनिंग-माल्मबर्ग ट्रॅप.

अडचण अशी, की जो कण वेगाने आत येतो तो त्याच वेगाने बाहेरही जातो. आत आल्यावर त्याची थोडी एनर्जी काढून घ्यायला हवी. अमेरिकेत क्लिफर्ड सुर्को आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला, आणि 1989 मध्ये त्यांचा पेपर आला. त्यांनी नळीत अगदी विरळ नायट्रोजन सोडला. पॉझिट्रॉन रेणूला धडकतो, एनर्जी गमावतो, आणि मग त्याला परतीचा चढ चढवत नाही. बऱ्याच वायूंमध्ये अशा धडकेत पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला पकडून वाया जातो. नायट्रोजनमध्ये योग्य एनर्जीला ते नुकसान कमी होतं. आपण श्वासात घेतो तोच नायट्रोजन बरं का!

या पद्धतीने पुढे एका ट्रॅपमध्ये 10 कोटींहून जास्त पॉझिट्रॉन जमले. पण सगळ्यांचा चार्ज सारखा, त्यामुळे गर्दी वाढली की ते एकमेकांना ढकलतात, आणि धरून ठेवायला व्होल्टेज वाढवत न्यावं लागतं. म्हणून सुर्कोंच्या गटाने वेगळी कल्पना मांडली. एकच मोठी कोठी नको, शेजारी शेजारी छोट्या कणग्या ठेवा. ध्येय एक लाख कोटी पॉझिट्रॉनचं.

एवढं कशाला? नेहमीच्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन हलके आणि आयन हजारो पट जड. पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉन प्लाझ्मात दोघंही सारख्या वजनाचे. पल्सारभोवती असा प्लाझ्मा असतो असं मानतात. तो प्रयोगशाळेत करायचा तर आधी साठा हवा.

आणि बॉम्बची भीती? एक लाख कोटी पॉझिट्रॉन एकदम संपले तरी निघणाऱ्या एनर्जीत दीडशे ग्रॅमचं संत्रं जेमतेम 11 सेंटीमीटर उचललं जाईल. बस्स.

मग काकूला उत्तर काय दिलं? म्हटलं, काकू, पॉझिट्रॉन साठवता येतात, पण ते तुला टोचता येणार नाहीत. सुईतच संपतील. फ्लोरिनचा अणू हीच त्यांची डबी. साखरेसोबत ती डबी गाठीपर्यंत जाते आणि तिथे उघडते. फक्त उघडायची वेळ आपल्या हातात नाही.

काकू म्हणाली, "म्हणजे स्टेपनीत हवा आहे का ते आधीच पाहायचं."

बरोबर आहे तिचं. तुमच्या घरी कोणाचं पेट स्कॅन असेल, तर तासभर आधी पोहोचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!