मुंबईतील रस्त्यावरचे अनवट व्यवसाय

मुंबईत दुकान, पाटी वा गाळा नसताना चालणारे व बहुधा ठरावीक समाजांच्या हाती पिढ्यानपिढ्या राहिलेले छोटे धंदे. बोहारीण, झारेकरी, कानातला मळ काढणारे, चंपीवाले, शनिवारचे लिंबू-मिरचीवाले ही त्यांतली काही उदाहरणे. डबेवाल्यांसारखे जाहीर कौतुक यांच्या वाट्याला आलेले नाही.

बोहारीण : जुने कपडे घेऊन भांडी देणारी. या धंद्यात मुख्यतः मूळच्या गुजरातमधील वाघरी (देवीपूजक) समाजाच्या स्त्रिया आहेत. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर गाठोडे घेऊन त्या दुपारी, घरातली पुरुषमंडळी कामावर असताना, चाळीत शिरतात. बोहारीण पँट उजेडाकडे धरून बुडाशी विरली आहे का ते पाहते, चेन वरखाली करते, साडीचे काठ चाचपते. इकडे घरची बाई पातेले वाजवून त्याची जाडी अजमावते. ‘ताई, अजून एक साडी टाका’ यावर सौदा अडला की ती पाटी उचलून जिना उतरू लागते आणि बहुतेक वेळा पहिल्याच वळणावरून परत बोलावली जाते. खऱ्या जरीच्या साडीचा भाव वेगळा, कारण ती जाळून चांदी काढता येते. कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून जुन्या बाजारात जातात; अगदीच विरलेल्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये यंत्रे पुसायला लागतात. बोहारीण फसवते ही तक्रार सार्वत्रिक आहे, पण तक्रार करणारीच पुढच्या खेपेसाठी कपडे बाजूला काढून ठेवते. टॉवरमध्ये मात्र ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ या फलकापाशी आणि वॉचमनपाशीच तिची फेरी संपते. स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणीही आता घरोघर उरलेली नाही.

झारेकरी : झवेरी बाजार व काळबादेवी परिसरातील सोनारांच्या कारखान्यांत कानस मारताना उडालेले सोन्याचे कण कारागिरांच्या कपड्यांवरून, पायांवरून आणि हात धुतलेल्या पाण्यातून गल्लीत, गटारात पोचतात. तिथली धूळ व गाळ झारेकरी गोळा करतो. काही कारखानदार आपला केरही त्याला विकतात. पसरट भांड्यात धूळ धुतली की हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. त्यांतले सोने पारा धरून ठेवतो. मग तापवून पारा उडवतात आणि तेजाबाने उरलेली भेसळ काढतात. पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि हे काम अनेकदा कोंदट खोलीत होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तो महापालिकेचा झाडूवाला वाटतो. पेढीवाल्यांना तो काय करतो ते पक्के ठाऊक असते.

इतर : कानवाल्याची खूण म्हणजे लाल टोपी किंवा फेटा आणि कापूस गुंडाळलेली सळई. पडदा फाटण्याच्या भीतीने डॉक्टर त्याच्यापासून दूर राहा म्हणतात. तरी गिऱ्हाईक मिळतेच. चंपीवाले तेलाच्या बाटल्या वाजवत संध्याकाळी चौपाटीवर फिरतात. शनिवारी सकाळी दुकानांना एक लिंबू व सात मिरच्यांची नवी माळ बांधली जाते. जुनी रस्त्यावर पडते आणि नजर वगैरे न मानणारेही तिला वळसा घालून जातात.

कायद्यातील स्थान : पथविक्रेत्यांसाठीच्या 2014 च्या केंद्रीय अधिनियमात वस्तू विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेही येतात, म्हणून कानवाला आणि चंपीवाला त्या व्याख्येत बसू शकतात. झारेकरी रस्त्यावर काही विकत नाही आणि कुणाला सेवाही देत नाही. या व्याख्येत त्याला जागा नाही.