रविवारची कार्टून सकाळ
वसई-विरारमध्ये कौटुंबिक सुट्टीचा आकार लोकलच्या वेळापत्रकाने ठरविला. आठवडाभर पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणारा नोकरदार मुलांच्या वाट्याला येई तो बहुधा रविवारीच. १९९०च्या दशकात दूरदर्शननेही कार्टूनसाठी तीच सकाळ निवडली. ‘डकटेल्स’ व ‘टेलस्पिन’ या डिस्नेच्या विनोदी मालिका हिंदीत दाखविल्या गेल्या. १९९३मध्ये ‘जंगल बुक’ ही जपानी बनावटीची मालिका आली. तिच्यातील शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा, पण तोही हिंदीत! एकच संच असलेल्या घरात आजीपासून नातवापर्यंत सारे एकत्र बसत.

१९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि केबल असलेल्या घरांत रविवारची वाट पाहणे संपले. पुढे हंगामा वाहिनीवर ‘डोरेमॉन’ व ‘शिनचॅन’ अवतरले. मोठ्यांना उलट उत्तरे देणाऱ्या शिनचॅनवर पालकांनी आक्षेप घेतले; २००८मध्ये प्रसारण थांबले, ते काटछाटीनंतरच पुन्हा सुरू झाले. या वादात भाषेचा मुद्दा मागेच राहिला. वसईत सामवेदी, वाडवळी या बोली घरोघरी नांदत आल्या. नाताळ-दिवाळीच्या सुट्टीत मात्र मुलांच्या खेळात कार्टूनची हिंदी शिरली. आजीच्या बोलीत थट्टा करणारे पात्र पडद्यावर नव्हतेच.